पहिल्या बहराच्या शेंगा

उगवणकाका मटकी मोजायचे. मापाने नव्हे, दाणा दाणा. भिजवून फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले की काकूंनी ती थेट कढईत टाकायची नाही, असा त्या घरचा कायदा होता. आधी त्यातले शंभर दाणे पांढऱ्या ताटलीत काकांपुढे यायचे. काका चष्मा कपाळावर चढवून पेन्सिलीच्या टोकाने त्यांचे चार ढीग करायचे: धड, अधू, मेलेले आणि गणंग. मग निकाल लागायचा. ब्याण्णव, ठीक आहे, ह्याच दुकानातून आणत जा. तोवर फोडणीचं तेल दोनदा तापवून दोनदा उतरवलेलं असायचं. लोकांचे नवरे रविवारी पेपर वाचतात, आमच्याकडे मटकीची जनगणना चालते, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या आणि उरलेली मटकी कढईत लोटायच्या.

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दिल्लीच्या मयूर विहारातल्या आम्हा मराठी मंडळींपैकी कुणाच्या तोंडी ते नव्हतंच. बियाणं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षांहून अधिक नोकरी झालेली. समोर आलेलं बी उगवेल की नाही, एवढा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला, म्हणून ते उगवणकाका. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक भिंग आणि एक चिमटा. मेट्रोच्या तपासणीत तो चिमटा रोज बाहेर निघायचा आणि रोज काका तिथल्या जवानाला त्याचा उपयोग समजावून सांगायचे. शेवटी तो जवान त्यांना लांबून बघूनच "जाइए अंकल, जाइए" म्हणायला लागला.

मी वाशीमची. शेतीची पदवी घेतली आणि शेतीपासून जेवढं लांब पळता येईल तेवढं पळाले, ती दिल्लीत येऊन थांबले. करोल बागेच्या मागच्या एका खोलीत आम्ही तिघी जणी राहायचो आणि कलेक्टर व्हायचा अभ्यास करायचो. काकू माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण, त्यामुळे दर रविवारी पोरीने त्यांच्याकडे जेवायचं, हे आईने फोनवरून परस्पर ठरवून टाकलेलं. पहिल्याच रविवारी मी भुकेने कळवळत तिसरा मजला चढून गेले, तर दार उघडून काकांनी हातात ताटली दिली. शेतीची पदवी आहे ना, मग मोज. मला राज्यघटनेची कलमं पाठ होती, मटकीची नव्हती. तरी मोजली. एकोणनव्वद धड, म्हणून सांगितलं. काकांनी माझ्या ढिगांकडे बघितलंसुद्धा नाही.

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

पुन्हा मोजले तर शहाऐंशी निघाले. तीन दाण्यांचे मोड तुटलेले होते आणि मी ते बिनदिक्कत धडांत ढकलले होते. काका हसले आणि म्हणाले की भूक लागली की माणूस अधू बियालाही धड म्हणतो, म्हणून मोजणी नेहमी दोनदा करावी. हे 'पुन्हा मोज' पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा ऐकू यायचं. दुधाच्या पिशव्या, धोब्याचे कपडे, परीक्षेला उरलेले दिवस, काहीही सांगा, काकांचं उत्तर ठरलेलं. काकूंना ह्याचा भारी राग. आमच्या लग्नात अक्षता मोजल्या नाहीत हेच नशीब, असं त्या म्हणायच्या.

आता गणंग म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यांच्या मुलाला, मंदारला, ठाऊक नव्हतं. दिल्लीत वाढलेला मुलगा, मराठी बोलायचा पण जरा अवघड शब्द आला की "मतलब?" म्हणून थांबायचा. त्याला काका सांगत होते ते मी ऐकलं. दोन दिवस पाण्यात ठेवलं तरी जो भिजत नाही, खड्यासारखा तसाच राहतो आणि उसळीत दाताखाली येतो, तो गणंग. मंदार म्हणाला, "अच्छा, मतलब खराब." काका एकदम गंभीर झाले. खराब नाही, म्हणाले. खराब असतं तर कुजलं असतं.

एकदा त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मी मोठ्या अपेक्षेने गेले, तर तिथे ओळीने टेबलं, त्यांवर कापडी पिशव्या आणि खाली मान घालून दाणे मोजणारी माणसं. पिशवीवर फक्त नंबर. कुठल्या कंपनीचं बी, कुठल्या गावाहून आलंय, ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभराशंभराचे ओल्या कागदात ओळीने मांडायचे, कागद गुंडाळून उबदार कपाटात उभे करायचे आणि ठरलेल्या दिवशी उलगडायचे. काकांनी माझ्यासमोर एक गुंडाळी उलगडली. पांढरी मुळं, हिरवी टोकं आणि मधेच काळे पडलेले, बुरशी धरलेले दाणे. मी अक्कल पाजळली, की शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. काकांना ती म्हण मुळीच आवडायची नाही. एका शितावरून भात कळतो असं म्हणणाऱ्याने बियाणं विकायचं दुकान काढावं, म्हणाले, इथे चारशे शितं लागतात.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. बी खोटं बोलत नाही, पिशवी बोलते. पिशवीवर डोलणारं शेत असतं, हसणारा शेतकरी असतो, आणि आत काय आहे ते फक्त ओल्या कागदाला माहीत. एकदा एका नमुन्याची उगवण हव्या त्या मर्यादेपेक्षा एकाने कमी भरली. फेरतपासणी झाली, काकांनी तीही केली, आकडा तोच. ऑफिसातला एक जण म्हणाला, की जाने दीजिए ना, एकच तर आहे. काकांनी सही केली ती 'नापास'वर. संध्याकाळी गॅलरीत बसून मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण ताटलीतली पेन्सिल उगाचच हलत होती. "खत कमी पडलं तर मागून घालता येतं. पाणी मागून देता येतं. मेलेल्या बियाला मागून काही देता येत नाही. आणि ते मेलेलं होतं हे कळतं कधी? पेरणीची वेळ गेल्यावर."

हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कारंज्याजवळच्या त्यांच्या गावी, ते शाळेत असताना, एका वर्षी घरच्यांनी बाजारातून आणलेली ज्वारी पेरली. पाऊस वेळेवर, जमीन तयार, सगळं जिथल्या तिथे, आणि वावर मात्र उघडं ते उघडंच. त्यांची आई बांधावर उभी राहून बराच वेळ बघत होती म्हणे. मग घरात गेली, कोनाड्यातलं राखेचं मडकं काढलं आणि त्यात तिने जपलेलं होतं तेवढं बी घेऊन आली. त्या वर्षी तेवढ्यावर भागलं. नोकरीला लागून दिल्लीला येताना काकांनी आईकडे दुसरं काही मागितलं नाही, तिच्या कुंपणावरच्या वालाचं मूठभर बी मागितलं.

तो 'आईचा वाल' म्हणजे त्या घरातला चौथा माणूस. गॅलरीत रंगाचे दोन जुने डबे, त्यांत माती, आणि तिथून वरच्या मजल्यापर्यंत ताणलेल्या सुतळ्या. आषाढात पेरलेला वेल दिवाळीपर्यंत वरच्या बाईंच्या गॅलरीत पोचायचा. त्या खाली वाकून ओरडायच्या, "भाईसाहब, आपकी सेम हमारे कपड़ों पर चढ़ गई." काका उलट वर बघून सांगायचे की तोडा आणि खा, फक्त चिंधी बांधलेलीला हात लावू नका.

ही चिंधी म्हणजे त्या घरातला मोठा तंटा. वेलाला पहिला बहर आला की त्यातल्या सगळ्यांत भरदार, सरळ, निरोगी शेंगा काका निवडायचे आणि प्रत्येकीच्या देठाला काकूंच्या जुन्या साडीची चिंधी बांधायचे. त्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, त्या बियाच्या. बाकीच्या, म्हणजे वाकड्या, टोचलेल्या, अळी लागलेल्या, त्या भाजीला. "चांगलं ते बियाला, उरलं ते पोटाला," असं त्यांची आई म्हणायची आणि काका ते शब्दशः पाळायचे. काकूंचं म्हणणं, की आयुष्य गेलं माझं किडक्या शेंगा निवडण्यात, आणि चिंध्यासुद्धा माझ्याच साडीच्या. बायकोशी भांडताना गप्प बसण्याची त्यांची हातोटी वाखाणण्यासारखी होती.

आलेलं बी ते साठवायचे नाहीत. पाकिटांत घालून गावी, ओळखीच्यांना, सोसायटीतल्या ज्याला हवं त्याला वाटून टाकायचे. फ्रीजच्या दारात एका लहानशा स्टीलच्या डबीत, राखेत, चिमूटभर ठेवायचे तेवढंच. मी एकदा विचारलं, की एवढं जिवापाड जपता आणि सगळं वाटता कसं. ते म्हणाले, बी डब्यात राहत नसतं, बी मातीत राहतं. मी वहीत लिहून घेतलं, निबंधाला उपयोगी पडेल म्हणून. तेव्हा मी सगळ्याच गोष्टी निबंधाला उपयोगी पडतील म्हणून ऐकायचे.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली आणि काकूंनी त्या खोलीतून माझं सामान अक्षरशः उचलून आणलं. मंदार तोवर नोकरीसाठी गुरुग्रामला राहायला गेला होता, त्याची खोली मला मिळाली. काका मला 'कलेक्टरबाई' म्हणायचे. सकाळी चहाला हाक मारायची तीही 'कलेक्टरबाई, चहा निवतोय'. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तरी हाक बदलली नाही. तिसऱ्यांदाचा निकाल लागला त्या दिवशी काका-काकू मंदारकडे गेले होते. यादीत माझं नाव नव्हतं. मी यादी पुन्हा मोजल्यासारखी पुन्हा वाचली. तरी नव्हतं.

काय सांगू, तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. गॅलरीत जाऊन उभी राहिले तर समोर वेल, आणि वेलावर त्या चिंध्या बांधलेल्या शेंगा, मिरवायला काढल्यासारख्या. निवडलेल्या. बाजूला काढून जपलेल्या. आणि बाकीच्या सगळ्या उरलेल्यांत. मला इतका संताप आला त्या शेंगांचा की मी एकेक करून सगळ्या तोडल्या. हिरव्यागार, टपोऱ्या, एकीलाही डाग नाही. मनाची समजूत काढायला म्हटलं, एकदा तरी काकूंना चांगल्या शेंगा खाऊ दे, ते काय पाप आहे? मग बाजारातून वांगी आणली आणि वाल-वांग्याची आपल्या वऱ्हाडी पद्धतीची भाजी केली, तिखट, तेल वर आलेली.

दोघं परत आल्यावर जेवायला बसलो. काकूंनी दोनदा भाजी वाढून घेतली. काकांनी पहिल्याच घासाला ओळखलं असणार, पण ते पानातली भाजी संपवून मगच उठले. गॅलरीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चिंध्या होत्या, मी त्या तशाच कठड्यावर टाकून दिल्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या आणि मोजल्या. सात. मग पुन्हा मोजल्या. मी निकालाचं सांगितलं, रडले, शेंगांचं सांगितलं, परत रडले. काका एवढंच म्हणाले की भाजी चांगली झाली होती, आणि आई असती तर तिने तुझ्या आधी मला मारलं असतं.

त्या वर्षी दुसरा बहर आला तो माव्याच्या किडीने खाल्ला, वर धुकं बसलं, आणि जेमतेम चार सुरकुतलेल्या शेंगा धरल्या. रोगट वेलाचं बी काका घेणं शक्यच नव्हतं. त्यांनी वेल उपटला. आता फ्रीजच्या दारातली ती डबी तेवढी उरली, त्यात आदल्या वर्षीचं थोडंसं बी.

पण हे पुढचं झालं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. वाशीमला जायचं, आई म्हणेल तिथे लग्न करायचं आणि ह्या शहराकडे पुन्हा बघायचं नाही, असं ठरवलं होतं. काका ताटली घेऊन खोलीत आले. त्यात मटकीचा एकच दाणा होता, टणक, चकचकीत, न भिजलेला. हे काय आहे, म्हणून विचारलं. मी वैतागून म्हटलं, गणंग. ते म्हणाले, "आमच्या रजिस्टरात ह्याचा रकाना वेगळा असतो. पण बेरीज करताना तो जिवंतांत धरतात. ह्याच्या आत अजून पाणी शिरलेलं नाही, एवढंच. तूही तशीच आहेस." मला भयंकर राग आला. सांत्वन करायचं तर धड करावं माणसाने, सरळ गणंग काय म्हणायचं? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण बॅग मात्र तशीच राहिली, मग हळूहळू रिकामी झाली. त्या दिवसानंतर काकांनी मला 'कलेक्टरबाई' म्हणून कधी हाक मारली नाही. आठवड्याभराने एका प्रयोगशाळेतल्या जागेची जाहिरात माझ्या टेबलावर आली, काही न बोलता, चिमट्याखाली दाबून ठेवलेली.

काका निवृत्त झाले आणि महिन्याभरात आजारी पडले. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून दाणे निवडणाऱ्या माणसाच्या हाताला कंप सुटला. चिमटा धरता येईना. मला नोकरी लागली तेव्हा ते अंथरुणावर होते. संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, आज काय आलं होतं, किती भरलं. मी सांगायचे. हरभरा, इतके. गहू, इतके. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि एखादा आकडा मी घाईघाईत सांगितला की डोळे न उघडता म्हणायचे, पुन्हा मोज. मी पुन्हा मोजलेलंच असायचं. तरी त्यांच्यासमोर मनात परत मोजायचे.

जूनमध्ये एका दुपारी त्यांनी ती डबी आणायला सांगितली. पेरायची वेळ जवळ आली होती. राखेतून बी वेचून मी ताटलीत मांडलं. एकोणीस दाणे. मी म्हटलं, जुनं बी आहे, निम्मं आधी ओल्या कागदात घालून बघते, आणि जेवढं उगवेल त्यावरून बाकीचं ठरवू. नोकरीला लागून चार महिनेही झाले नव्हते आणि मी काकांना शिकवत होते. त्यांनी ताटली माझ्याकडे परत सरकवली.

"चारशे असते तर तपासलं असतं," ते म्हणाले. "एकोणीस आहेत. तपासू नकोस. पेर."

उभ्या जन्मात त्यांनी न तपासलेलं बी मातीत घातलं नव्हतं. मला वाटलं तापात बोलताहेत. मी हो म्हटलं, डबी परत फ्रीजमध्ये ठेवली आणि ठरवलं की बरे झाले की त्यांच्याच हातून पेरू. ते बरे झाले नाहीत. आषाढ लागायच्या आधीच गेले. दिवसवार, पाहुणे, रडारड, ह्यात पेरणीची वेळ निघून गेली. पुढे मंदारने काकूंना गुरुग्रामला नेलं, फ्लॅट रिकामा झाला, फ्रीज रिकामा करताना ती डबी काकूंनी माझ्या हातात ठेवली. तुझ्याकडे असू दे, म्हणाल्या.

तिथून पुढे सात वर्षं ती डबी माझ्या फ्रीजमध्ये होती. लाज वाटते सांगताना, पण खरं आहे. बी दर वर्षी कसं मरत जातं, हे मी रोज ऑफिसात बघत होते, नव्या आलेल्यांना शिकवत होते, आणि घरी एक डबी उघडायची मला हिंमत होत नव्हती. पेरलं आणि उगवलं नाही, तर ते माझ्यामुळे. त्या सात शेंगा मी तोडल्या नसत्या तर घरोघर हे बी असतं. काकांच्या पुतण्याला गावी फोन करून पाहिला. त्याच्याकडे आता वाल पाकिटातला येतो. काकांनी पाठवलेलं बी कधीतरी खाऊन टाकलं असेल, म्हणाला. म्हणजे जे होतं ते एवढंच. डबी बंद होती तोवर काका कुठेतरी होते, असं मला वाटायचं. ह्याहून मूर्ख विचार बियाणं तपासणाऱ्या बाईच्या डोक्यात येऊ नये.

गेल्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, मी काकूंना भेटायला गेले. चौदावा मजला, सगळीकडे काचा. काकूंना आता डोळ्यांनी कमी दिसतं, आणि घरात भाजी फोनवरून येते, निवडलेली, पुसलेली. मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी तू केलीस ना वाल-वांग्याची भाजी, चिंधीवाल्या शेंगांची, ती अजून जिभेवर आहे माझ्या. ह्यांच्यासमोर बोलले नाही कधी. मरायच्या आधी एकदा तशी खाऊ दे गं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं मी ज्याचं ओझं वाहत होते, ते काकूंनी चवीने लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी मी डबी घेऊन गेले. मंदारने मातीच्या दोन मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या होत्या. "यार, सोसायटीवाले बोलतील," असं म्हणत त्यानेच त्या गॅलरीत लावल्या. एकोणीस दाणे मी काकूंच्या हातात दिले आणि काकूंनी बोटाने चाचपत ते एकेक करून मातीत घातले. एकही तपासला नाही. माझे हात शिवशिवत होते, पण नाही तपासला.

आठव्या दिवशी मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. तीन उगवले होते. त्यातला एक अधू, पानच नीट फुटलेलं नव्हतं. म्हणजे एकोणिसांत दोन धड. आमच्याकडे असा नमुना आला असता तर 'नापास'वर सही करताना मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. मंदार म्हणाला, दोन तर दोन, बिल्कुल चालेल. मी त्या कुंडीसमोर बसून काकांना हाका मारल्यासारखी रडले, आणि काकू माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. आवाजात हसू होतं. मंदारला म्हणे कुंडीच्या कडेला काहीतरी हिरवं दिसलंय. "तुझ्यासारखं एक उशिरा आलंय," काकू म्हणाल्या.

नोव्हेंबरात त्यांनी निरोप दिला की शेंगा धरल्यात, वांगी घेऊन ये. मी मेट्रोने वांग्यांची पिशवी सांभाळत गेले. वेल कबुतरांच्या जाळीवर चढला होता, अगदी वरपर्यंत, आणि सगळ्यांत जोरात चढला होता तो उशिरा आलेला. मी सुरी आणि परात घेऊन गॅलरीत गेले, तर सगळ्यांत चांगल्या शेंगांना हिरव्या रंगाच्या चिंध्या बांधलेल्या. काकूंची एक जुनी हिरवी साडी होती, ती मी ओळखली. एवढ्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यांनी त्या हाताने चाचपून निवडल्या होत्या.

मी म्हटलं, अहो काकू, ह्याच तर तुम्हाला खायच्या होत्या. त्यांनी मान हलवली. "ह्या वर्षी नको. डबी रिकामी आहे."

मग मी उरलेल्या तोडल्या. अर्ध्या वाकड्या, चारदोनांना अळी. काकूंनी त्या मांडीवर घेऊन सवयीने निवडल्या, किडकं तेवढं मोडून टाकलं. भाजी केली, तिघं जेवलो. मंदारने चाटूनपुसून खाल्ली. काकूंनी एकदाच वाढून घेतली आणि बरी झालीय म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला गॅलरीत पाठवलं. किती बांधल्यात ते बघून ये, मला नीट दिसत नाही, म्हणाल्या. मी जाळीपाशी जाऊन मोजल्या आणि आत येऊन सांगितलं, पाच.

काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या.

"पुन्हा मोज," त्या म्हणाल्या.

मी परत गेले. सहा होत्या. एक पानाआड होती.